गणपतीशेजारची टाकी

१९५८ सालच्या जूनमध्ये मी चौलहून मुंबईला कॉलेजसाठी गेलो. जाताना माशांची एक काचेची टाकी घरी मागे राहिली. ती भरलेली होती आणि तिच्यातले मासे जिवंत होते.

जून आला की हे आठवते. यंदा शेजारची मुलगी पुण्याला निघाली. वसतिगृहात खोली मिळाली, ट्रंकेऐवजी दोन चाकांच्या बॅगा आल्या, आणि जाण्याच्या आदल्या दिवशी तिची आई दारात उभी राहून म्हणाली, "हिचे मासे तुमच्याकडे ठेवाल का? आमच्याकडे कोणाला वेळ नाही." टाकीबरोबर विजेवर चालणारा पंप आला, दिवा आला, खाण्याची डबी आली. मुलीने सगळे नीट समजावून दिले. समजावताना तिचा एक हात सारखा काचेवर होता.

माझ्या टाकीला वीज नव्हती. चौललाच नव्हती. टाकी पूर्वेच्या खिडकीखाली होती आणि सकाळी ऊन नारळीच्या झावळ्यांतून गाळून तिच्यापर्यंत पोचे. त्या वेळी समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पाण्याची हिरवट जाळी हलत असे. आमच्या वाडीत सुपारीची झाडे इतकी दाट की दुपारीही अंगणात काळोखी असायची. नारळाच्या ओल्या सोडणाचा वास, शेवाळाचा वास, आणि वारा पश्चिमेचा असला की रेवदंड्याकडून येणारा सुकत्या मासळीचा वास. अशा घरात उजेड हलताना दिसणे ही गोष्ट नवी होती.

टाकी मी अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, वर्षी केली. दिवाळी नुकतीच झाली होती. लोखंडी पट्ट्यांची चौकट अलिबागच्या लोहाराने जोडून दिली. काचा घराच्या एका खिडकीसाठी आणलेल्या होत्या. ती खिडकी पुढे बरीच वर्षे फळीनेच बंद राहिली. खडूची भुकटी आणि अळशीचे तेल मळून मी सांधे भरले. पाणी ओतल्यावर चारही कोपरे गळू लागले. शेवटी रेवदंड्याच्या खाडीवर होड्या दुरुस्त करणाऱ्या सुताराकडे गेलो. होडीच्या फळ्यांमध्ये कापूस ठोकून वर जो राळेचा लगदा भरतात, त्याचा एक गोळा त्याने दिला. देताना म्हणाला, "एकदा पाणी भरलंस की रिकामी करू नको. सुकली की तडकली. होडीचं पण तसंच हाय." टाकी गळायची थांबली. त्यानंतर ती कधी पूर्ण रिकामी केली नाही आणि म्हणून कधी जागची हललीही नाही.

तिचे वजन पेलेल अशी जागा घरात एकच होती. माजघराच्या पूर्वेच्या भिंतीला लागून भिंतभर लांबीचा दगडी कट्टा होता. गणपती त्यावर बसायचा. एरवी सुपारीच्या पाट्या ठेवत. मी टाकी कट्ट्याच्या टोकाला ठेवली. कार्तिकात भाद्रपद कोणाच्या मनात नसतो.

मासे बहुतेक तळ्यातले होते. डोक्यावर चांदीचा ठिपका असलेले बारके मासे. आम्ही त्यांना पिकू म्हणायचो. ते उडी मारतात, म्हणून टाकीवर भाताची चाळण पालथी घातलेली असे. दोन मासे लाल होते. ते दादाने, माझ्या मोठ्या भावाने, मुंबईहून रेवसच्या लाँचने आणले होते, तुपाच्या रिकाम्या डब्यात. लाँचवर सगळ्यांनी डब्यात डोकावून पाहिले आणि निम्म्यांनी भाव विचारला, असे तो सांगायचा.

दादा मुंबईला कारखान्यात होता. एका खोलीत गावचे सहाजण राहत. १९५८च्या वैशाखात त्याचे लग्न झाले. खोलीत बायकोला जागा नव्हती, म्हणून लग्नानंतर तो एकटाच परत गेला आणि वहिनी चौलला आमच्याकडे राहिली. तिचे माहेर म्हसळ्याच्या पलीकडे, भातशेतीचे. समुद्र तिने लग्नाच्या वरातीत पहिल्यांदा पाहिला. आमच्या घरात मसाला आईच्या हातचा, दळण आईच्या देखरेखीखाली, वाडीचे काम अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, हुकमाने. सून उठल्यापासून निजेपर्यंत कामात असे आणि त्यातले एकही काम तिचे नव्हते.

मी निघायचे ठरले तेव्हा टाकीचा प्रश्न जेवताना निघाला.

"मला मासा तव्यावर कळतो," आई म्हणाली. "पाण्यातला नाही कळत."

अण्णा म्हणाले, "तळ्यात सोड आणि मोकळा हो. पावसाळ्यात लाँच बंद. तू गणपतीशिवाय येत नाहीस. तोवर कोण बघणार?"

वहिनी वाढत होती. वाढता वाढताच म्हणाली, "मी बघीन."

"तुम्हाला जमेल?" मी विचारले.

"आज न्हाय जमत. तुम्ही दाखवा, मग जमंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाखवले. पाणी एकदम बदलायचे नाही. थोडे काढायचे, तेवढेच विहिरीचे घालायचे. चिमूटभर खाणे, अधिक नाही. टाकी कधी सुकू द्यायची नाही. तिने एकदाच ऐकले आणि एकच प्रश्न विचारला : "भावजी, हे रातचे झोपतात का?" मला माहीत नव्हते.

त्यानंतरचे तीन महिने मी पाहिलेले नाहीत. जे लिहितो ते आईने आणि वहिनीने वेगवेगळ्या वेळी सांगितलेले आहे. दोघींचे सांगणे जुळले तेवढेच घेतले आहे.

आषाढात होड्या वर ओढलेल्या असतात. त्या दिवसांत हिराबाई कोळीण सुकी मासळी आणि खाडीत मिळेल ते घेऊन दारावर येई. एकदा पावसाने अडकली म्हणून माजघराच्या उंबऱ्यापाशी टेकली आणि तिला टाकी दिसली.

"काय गो बाय, येवढीशी मासली न् तिला काचंचा बंगला?"

"खायची न्हाय ती," वहिनी म्हणाली.

"मंग कराचं काय तिचं?"

"बघायची."

हिराबाई पाटी खाली ठेवून हसली. इतकी हसली की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग ती बघत बसली. पाऊस थांबला तरी बसली होती. उठताना म्हणाली, "जल्म गेला मासलीत, पन ही तोंड कशी उघडमीट करतं ते कंदी बगलं न्हवतं." त्यानंतर दर खेपेला ती आधी टाकीकडे जायची आणि पिकूंकडे बघून "आज मोटी दिसतंय" असे म्हणायची. त्यात थट्टा किती आणि भूक किती, आईला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

माशांना डासांच्या अळ्या आवडतात, हे वहिनीने पाहून ठरवले. पाण्याच्या कळशीत एकदा दोन अळ्या सापडल्या; तिने त्या टाकीत टाकल्या; मासे तुटून पडले. तिने परसात नारळाच्या करवंट्या पाणी भरून मांडल्या. दोन दिवसांत खाद्य तयार. अण्णांनी ती रांग पाहिली आणि आईला म्हणाले, "लोक डासांना हाकलतात. आमच्याकडे त्यांची बाळंतपणं चालली आहेत." पण करवंट्या त्यांनी उलथल्या नाहीत.

श्रावणाआधी हिवतापवाले फवारणीला आले. पाठीवर डी.डी.टी.चे पंप, हातात नळी. प्रत्येक घराची प्रत्येक भिंत फवारायची, असा नियम होता. त्यातला एकजण माजघरात शिरला तेव्हा वहिनी टाकीपुढे उभी राहिली.

"बाई, भिंत सोडता येत नाही."

"सोडू नका. मला आधी झाकू द्या."

तिने चाळणीवर केळीची पाने घातली, त्यावर भिजवलेली गोधडी टाकली आणि कडा काचेभोवती खोचल्या. फवारणीवाला तोवर नळी खाली धरून थांबला होता. "आत काय, देव आहे का?" त्याने विचारले. "मासे," वहिनी म्हणाली. त्या भिंतीशी त्याने हात आवरून फवारले. सासरी आल्यापासून सुनेने परक्या पुरुषाशी केलेले हे पहिले बोलणे, असे आई सांगायची.

मुंबईत मला यातले काही ठाऊक नव्हते. तिथे नवी पुस्तके होती, खाणावळ होती, ट्राम होती. टाकीची आठवण यायची ती आंघोळीच्या वेळी, नळाखाली बादली भरताना. मासे मेले असतील असे मी मनाशी धरून चाललो होतो. त्या वयात तेवढ्याने वाईट वाटत नाही.

गणपतीला मी पनवेल, पेण करत धरमतरला आलो, मचव्याने खाडी ओलांडली, पलीकडे एस.टी. धरली आणि संध्याकाळी घरी पोचलो. आता ही सगळी वाट पुलांवरून एका दमात होते. तेव्हा तिला सबंध दिवस लागला. घरात चुन्याचा वास होता. कट्टा नुकताच पांढरा केलेला. टोकाला टाकी होती. काच इतकी स्वच्छ होती की पाणी नुसतेच उभे असल्यासारखे दिसत होते. पिकूंची संख्या वाढली होती. दोन्ही लाल मासे बोटभर मोठे झाले होते.

दुसऱ्या दिवशी हरतालिका. आमच्याकडे त्या दिवशी सकाळी सुक्या मासळीचे डबे घराबाहेर जातात. सोडे, सुकट, बोंबील, सगळे घट्ट झाकणाच्या डब्यांतून परसातल्या पडवीत. गौरीबरोबर गणपती जाईपर्यंत ते आत यायचे नाहीत. मासळीचे नावही घरात घ्यायचे नाही. आई एकेक डबा बाहेर नेत होती. अण्णा कट्ट्यासमोर उभे होते.

"सुकटीबरोबर हेही पडवीत जाऊ दे," ते म्हणाले.

"जड आहे ते," आई म्हणाली. "आणि रिकामं केलं तर तडकतं म्हणतात."

"मग तडकू दे. गणपतीच्या कट्ट्यावर मासळी? ऐकलंय कोणी?"

मी म्हणालो, "अण्णा म्हणतात ते बरोबर आहे. मासे तळ्यात सोडू. टाकी तशीही आता कोणाच्या उपयोगाची नाही."

आतल्या दारातून वहिनीचा आवाज आला. "भावजी, तुम्ही आता पाहुणे. पाहुण्यांनी जेवावं, झोपावं."

दादा त्याच सकाळी आला होता. तो मोठ्याने हसला आणि अण्णांकडे पाहून गप्प झाला. वहिनी दारातच उभी होती, पदर डोक्यावर, हात पिठाचे. अण्णांशी ती फारशी बोलत नसे. आता बोलली.

"मामंजी, डब्यातले मेलेले हायत. हे जिते हायत. डब्यातलं आपण खातो. ह्यांना आपण खायला घालतो."

अण्णांनी टाकीकडे पाहिले. एक पिकू वर आला, काचेशी थांबला, परत वळला.

"आणि गणपती असताना यातला एखादा मेला तर?"

"न्हाय मरायचा."

"मेला तर?"

"तर तुम्ही म्हणाल तसं."

"मग ऐक. आहेत तोवर राहू दे. एक जरी मेला तरी त्याच घटकेला सगळं तळ्यात, आणि ही पेटी पुन्हा या घरात नको. कबूल?"

"कबूल," वहिनी म्हणाली आणि आत गेली. तिच्या हातात त्या घरात तेवढीच एक वस्तू होती आणि ती तिने पणाला लावली होती. आईने पुढचा डबा उचलला.

दादाने मग आपले डोके चालवले. मुंबईच्या मंडपांत त्याने आरास पाहिली होती. त्याने टाकीच्या चौकटीला रंगीत कागदाची झालर लावली, मागे केवड्याची पाने उभी केली, पुढे समई ठेवली. चतुर्थीला गणपती कट्ट्याच्या मध्यावर बसला. समईचा उजेड पाण्यातून जाऊन मूर्तीच्या पितांबरावर हलत होता. आरती संपल्यावर सगळे तो उजेड बघत उभे राहिले. अण्णा इतकेच म्हणाले, "समई जरा लांब ठेवा. काच तापेल."

अडचण दर्शनाला येणाऱ्या माणसांपासून सुरू झाली. आमच्या गावात तळ्यांना देवळे लागून आहेत. देवळात जायचे, देवाला हात जोडायचे आणि परतताना तळ्यातल्या माशांना कुरमुरे टाकायचे, हे सगळ्यांच्या हातात मुरलेले. ऋषिपंचमीला नागावहून आईचे मामा आले. गणपतीला नमस्कार केला, आईने हातावर खिरापत ठेवली. ते शेजारी सरकले, चाळण उचलली, मासे पाहून पुन्हा हात जोडले आणि खोबऱ्या-साखरेची अर्धी मूठ पाण्यात सोडली.

"वा! तळ्यासकट गणपती बसवलात," ते अण्णांना म्हणाले. "हे चौलात कोणी केलं नव्हतं."

अण्णांना बरे वाटले. ते नाही म्हणाले नाहीत.

त्यांचे पाहून पुढच्यांनी तेच केले. वाडीवाले आले, त्यांच्या बायका आल्या, पोरे आली. कोणी कुरमुरे टाकले, कोणी मोदकाचा तुकडा. कोणी दूर्वा वाहिल्या. एका म्हाताऱ्या बाईने हळदकुंकू वाहिले, तेही थेट पाण्यात. मी तिथेच होतो. सांगत होतो, "टाकू नका," पण देवाच्या माशाला काही देऊ नका असे सांगणाऱ्याकडे लोक वेड्यासारखे पाहतात. "अरे, चार दाण्यांनी काय होतंय?" प्रत्येकाचे चारच दाणे होते.

वहिनी चुलीपाशी होती. पंक्ती उठत होत्या. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा टाकीतले पाणी ताकासारखे झाले होते. पिकू पाण्याच्या पृष्ठभागाशी रांगेने तोंडे वर करून होते. दोन लाल माशांपैकी एक कुशीवर कलला होता.

तिने तांब्या खाली ठेवला. पदर खोचला. दादाला म्हणाली, "विहीर." एवढेच. दादा इस्त्रीच्या सदऱ्यात उठला आणि कळशी घेऊन पळाला. ती वाडग्याने वरचे पाणी काढू लागली, तळाचे खोबरे ओंजळीने उपसू लागली. अर्ध्याखाली पाणी जाऊ दिले नाही. दादा भरलेली कळशी आणी, ती काचेच्या कडेने धार सोडी, पुन्हा काढी, पुन्हा घाली. दुसऱ्या खोलीत टाळ वाजत होते. आई पंक्ती सांभाळत होती आणि दर खेपेला दादाचा भिजलेला सदरा बघून तोंडाला पदर लावत होती. लाल मासा कुशीवरच होता. त्याचा कल्ला उघडे, खूप वेळ तसाच राही, मग मिटे.

अण्णा आत आले. त्यांनी टाकी पाहिली, कललेला मासा पाहिला, वहिनीचे कोपरापर्यंत भिजलेले हात पाहिले. मी वाट बघत होतो. वहिनीने वर पाहिले नाही. तिची धार तुटली नाही.

अंगणात नवे लोक येत होते. अण्णांनी भिंतीशी टेकवलेला पाट घेतला, टाकीच्या अगदी पुढे मांडला आणि पाठ टाकीकडे करून बसले. धोतराचा सोगा नीट केला. आलेल्यांत त्यांचा एक जुना मित्र होता. नमस्कार झाला, खिरापत घेतली, आणि सगळ्यांसारखाच तो टाकीकडे वळला. अण्णांनी आपला हात पुढे केला, तळवा उघडा.

"इथं दे."

मित्राला कळले नाही. त्याने खिरापत अण्णांच्या हातावर ठेवली. अण्णांनी ती तोंडात टाकली.

"अरे, माशांना..."

"मासे आमच्या सुनेचे आहेत," अण्णा चावता चावता म्हणाले. "त्यांना तीच जेवायला घालते. दुसऱ्या कोणी घातलेलं त्यांना चालत नाही."

"आणि तुला चालतं?"

"मला काहीही चालतं."

लोक हसले. त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी अण्णा पाटावरून जेवणापुरतेच उठले. खोबरे-साखर किती खाल्ली याचा हिशेब नाही; गौरीजेवणाच्या दिवशी त्यांनी पुरणपोळीला हात लावला नाही. लाल मासा त्याच संध्याकाळी सरळ झाला. तो कोणत्या क्षणी सरळ झाला हे कोणी पाहिले नाही. वहिनी समई लावायला आली तेव्हा तो दुसऱ्याच्या मागे फिरत होता. तिने समई लावली. अण्णांनी मान वळवून बघितले आणि पुन्हा अंगणाकडे तोंड केले.

शेजारच्या मुलीची टाकी सध्या माझ्या मेजावर आहे. पंपाचा आवाज दिवसभर येतो. परवा तिचा फोन आला. आधी मासे, मग तिच्या आईची तब्येत, असा चौकशीचा क्रम होता. मासे ठीक आहेत. तेवढेच तिला सांगितले.

वहिनी चौलच्या घरात होती त्या आठही वर्षी गणपती त्या टाकीशेजारी बसला. पोरांना, शेजाऱ्यांना, पाहुण्यांना कट्ट्यापुढे काही न टाकण्याची ताकीद मिळत असे. देणारे अण्णा असत. मुळातले मासे केव्हाच गेले, त्यांची पिल्ले राहिली, पिल्लांची पिल्ले आली. १९६६ साली दादाला कारखान्याकडून दोन खोल्या मिळाल्या आणि वहिनी मुंबईला जायला निघाली. सामान एस.टी.वर चढले होते. ती परत माजघरात गेली. अण्णा तिथे होते. ती काय म्हणाली ते कोणाला ऐकू आले नाही. अण्णांनी दोनदा मान हलवली, चाळण उचलली आणि टाकीत पाहिले, एवढे आईने उंबऱ्यावरून पाहिले.